तळलेलं, भाजलेलं की फुगवलेलं? पाकिटातल्या कुरकुरीत खाऊबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकिटाच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत 'बेक्ड', 'पॉप्ड', 'तळलेलं नाही' असं काहीतरी छापलेलं असतं आणि आपला हात आपोआप तिकडे जातो. माझाही जायचा. मग पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायची खोड लागली, आणि ती खोड माहीत झाल्यावर ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारायला लागले. त्यांची उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते.

मुळात एखादी गोष्ट कुरकुरीत होते म्हणजे तिचं काय होतं?

तिच्यातलं पाणी जातं. कच्च्या बटाट्याच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणी असतं, चिप्समध्ये जेमतेम २ टक्के उरतं. मका असो, तांदूळ असो वा केळं, दाताखाली कडकन मोडायचं तर आतलं पाणी घालवावंच लागतं. तळणं, भाजणं, फुगवणं, गोठवून सुकवणं या सगळ्या पाणी घालवण्याच्याच वाटा.

पाणी गेलं की जागा मोकळी होते, आणि त्या जागेत काय शिरलं यावर बरंच काही ठरतं. तळताना तेल शिरतं. फुगवताना हवा शिरते. भाजताना फारसं काही शिरत नाही, म्हणून नुसतं भाजलेलं पीठ दगडासारखं टणक होऊ शकतं, आणि ते खुसखुशीत व्हावं म्हणून पिठातच तेल मळतात. एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच देता येतील.

तळलेल्या चिप्समध्ये तेल नेमकं किती असतं?

वजनाच्या साधारण एक तृतीयांश. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात ८५ ते ९० कॅलरी असतात, तर १०० ग्रॅम चिप्समध्ये ५३० ते ५५०. यातली काही वाढ पाणी आटून बटाटा दाट झाल्यामुळे आणि बाकीची तेलामुळे. एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात, स्टार्चमध्ये किंवा प्रथिनात ४.

तेल आत कधी जातं, हा भाग मला फार आवडतो. आपल्याला वाटतं, कढईत पडल्या पडल्या काप तेल पिऊ लागतो. प्रत्यक्षात तो तळला जात असताना आतलं पाणी वाफ होऊन जोराने बाहेर येत असतं. ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ, आणि ती बाहेर ढकलत असेपर्यंत तेलाला आत घुसायला फारशी वाट नसते. काप बाहेर काढला की तो थंड व्हायला लागतो, छिद्रांमधली वाफ आळून तिचं पाणी होतं, आत दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. तेल पिण्याचा मोठा कार्यक्रम झाऱ्यातून निथळताना होतो, असं म्हणायला हरकत नाही.

घरी करून बघा. एक काप तेलातून काढल्याबरोबर टिपकागदावर टाका आणि दुसरा ताटलीत दोन मिनिटं ठेवून मग टिपा. पहिल्याचा डाग मोठा पडतो. दुसऱ्याचं तेल तोवर आत गेलेलं असतं. कारखान्यातही याच कारणासाठी तळणीतून निघालेला माल गरम असतानाच हलवतात किंवा त्यावर गरम हवा सोडतात.

काप जितका पातळ तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून तेलही जास्त. कागदासारख्या पातळ चिप्स 'हलक्या' वाटतात, पण तेलाच्या हिशेबात त्या हलक्या नसतात.

'केटल कुक्ड' म्हणजे आरोग्याला बऱ्या का?

नेहमीच्या चिप्स सरकत्या पट्ट्यावरून तेलातून जातात. १७० ते १८० अंश सेल्सिअसचं तेल, दोन-तीन मिनिटांचं काम. केटल पद्धतीत बटाट्याचे काप एका घाण्यात एकदम टाकतात, तेलाचं तापमान खाली येतं, मग हळूहळू चढतं आणि तळणी लांबते. त्यामुळे चिप्स कडक आणि थोड्या वेड्यावाकड्या होतात. तेल कधी थोडं कमी भरतं, कधी तेवढंच. फरक चावण्यात जाणवतो, आरोग्यात फारसा नाही.

भाजलेल्या चिप्स तळलेल्यांपेक्षा किती चांगल्या?

चरबीच्या बाबतीत नक्कीच बऱ्या. १०० ग्रॅममागे १० ते १८ ग्रॅम, म्हणजे तळलेल्यांच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी. गफलत पुढे होते. चरबी निम्मी म्हणजे कॅलरीही निम्म्या असतील, असं मन परस्पर ठरवून टाकतं. पण तेल कमी केलं की त्याच्या जागी पीठ आणि स्टार्च येतात, आणि त्यांनाही कॅलरी असतातच. ३० ग्रॅमच्या वाटीत तळलेल्या चिप्सच्या साधारण १६० कॅलरी, भाजलेल्यांच्या १३०. तीस कॅलरींची बचत. 'हे तर बेक्ड आहे' म्हणत दुसरी मूठ घेतली की ती बचत तिथल्या तिथे संपते.

दुसरी गोष्ट घटकांच्या यादीत दिसते. बऱ्याच भाजलेल्या चिप्स बटाट्याचे काप नसतातच. वाळवलेल्या बटाट्याचा चुरा, स्टार्च, थोडं तेल आणि साखर यांचं पीठ मळून, लाटून, त्याच्या चकत्या कापलेल्या असतात. म्हणून तर त्या इतक्या एकसारख्या दिसतात. साखर घालतात ती मुख्यतः रंगासाठी, कारण भट्टीत तळणीसारखा सोनेरी रंग सहज येत नाही. आणि चव पोचवणारं तेल कमी झाल्यावर ती कसर मीठ-मसाल्याने भरून काढतात. एकाच चवीची तळलेली आणि भाजलेली पाकिटं शेजारी ठेवून सोडियमचा आकडा बघा. भाजलेल्याचा जास्त निघाला तर नवल वाटून घेऊ नका.

'तळलेलं नाही' असं लिहिलंय, मग बोटं तेलकट का होतात?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण पाकिटावर यात खोटं काहीच छापलेलं नसतं.

मक्याचे पोकळ, फुगीर पफ एक्सट्रूडर नावाच्या यंत्रात होतात. जाड नळी, आत फिरणारा मोठा स्क्रू. मक्याचा रवा आणि थोडं पाणी एका टोकाने आत जातं. स्क्रू ते दाबत, घुसळत पुढे ढकलतो, आणि घर्षणाने व बाहेरून दिलेल्या उष्णतेने तापमान १२० ते १८० अंशांपर्यंत जातं. दाब प्रचंड असल्याने पाणी उकळू शकत नाही. मग हे वितळल्यासारखं झालेलं पीठ बारीक भोकातून बाहेर पडतं. दाब एका क्षणात उतरतो, पाण्याची झटक्यात वाफ होते आणि पीठ फसकन फुगतं. फिरतं पातं त्याचे तुकडे पाडतं. इथपर्यंत तेलाचा थेंबही लागलेला नाही.

पण हे तुकडे चवीला पुठ्ठ्यासारखे असतात आणि कोरड्या पफला मसाला चिकटत नाही. म्हणून ते भट्टीत वाळवून फिरत्या पिंपात टाकतात आणि वरून तेलाचा फवारा व चीज-मसाल्याची पूड सोडतात. या एका पायरीत १०० ग्रॅममागे २० ते ३५ ग्रॅम चरबी चढू शकते. म्हणजे तळलं नाही हे खरं, आणि तेल तळलेल्याइतकंच असू शकतं हेही खरं. बोटांना लागणारा तो नारिंगी थर म्हणजे शेवटची पायरी. तो खरवडून काढून खाल्लेला पफ कसा लागतो हे एकदा बघाच. चव कशाची होती ते लगेच कळतं.

फुगवलेलं हलकं असतं. जास्त खाल्लं तर चालेल ना?

मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ३० ग्रॅम चिप्स आणि ३० ग्रॅम मक्याचे पफ मोजले. चिप्सनी एक वाटी भरली, पफनी सूप प्यायचा मोठा वाडगा भरून वर शीग आली. डोळ्यांना वाडगा जास्त दिसतो, आणि याचा थोडा फायदाही होतो: एकाच खाऊचा कमी आणि जास्त फुगवलेला प्रकार लोकांना देऊन पाहिलं गेलं, तेव्हा जास्त फुगवलेला त्यांनी आकारमानाने अधिक पण वजनाने कमी खाल्ला. हवेला कॅलरी नसतात, हे तिच्या बाजूने म्हणायलाच हवं.

पण एक अडचण उरतेच. पफ जिभेवर विरघळतो. दोन-तीनदा चावलं की काम झालं, आणि पोटाला खबर लागायच्या आत हात पुन्हा वाडग्यात. त्यातून फुगवताना स्टार्चचे कण उष्णता, दाब आणि पाण्याने पार उलगडतात, त्यामुळे ते फार पटकन पचतात आणि रक्तातली साखर वेगाने चढते. तांदळाच्या फुगवलेल्या चकत्या चरबीच्या बाबतीत अगदी सोज्वळ, पण त्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती वेगाने चढते याचं माप, ८० च्या आसपास किंवा वर असतो. शुद्ध ग्लुकोजचा १००. मधुमेह असलेल्यांनी 'यात तेल नाही' एवढ्यावर खूश होऊ नये.

मग पॉपकॉर्नही त्यातलंच का?

नाही, ते वेगळ्या घरचं. मक्याचा दाणा अख्खा असतो, सालासकट. आत साधारण १४ टक्के ओलावा, बाहेर टणक कवच. १८० अंशांच्या आसपास आतली वाफ कवच फोडते आणि दाणा उलटा होतो. साल आणि अंकुर तिथेच राहतात, त्यामुळे १०० ग्रॅममागे १४-१५ ग्रॅम फायबर मिळतं. नुसत्या गरम हवेवर फोडलेल्यात चरबी ४-५ ग्रॅम. कुरकुरीत खाण्यात याच्या इतकं सरळ फार थोडं आहे. अर्थात लोण्याच्या चवीचं तयार पाकीट किंवा कॅरॅमलचा थर दिलेलं पॉपकॉर्न घेतलंत तर हे सगळे आकडे विसरा आणि मागचा तक्ता वाचा.

ॲक्रिलामाइड या कर्करोगाशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाबद्दल ऐकलंय. ते तेलामुळे होतं का? भाजलेलं खाल्लं की टळतं?

तेलाशी त्याचा थेट संबंध नाही. २००२ च्या एप्रिलमध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने आणि स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की स्टार्च असलेले पदार्थ जास्त तापवले की त्यांत ॲक्रिलामाइड तयार होतं. तोवर हे रसायन कारखान्यांतलं म्हणून माहीत होतं. पदार्थातलं ॲस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या शर्करा १२० अंशांच्या वर, कोरड्या वातावरणात एकत्र आल्या की ते बनतं. तपकिरी रंग आणि खमंग वासही याच घराण्यातल्या प्रक्रियेतून येतात. त्यामुळे खमंगपणा हवा आणि ॲक्रिलामाइड अजिबात नको, हे जमणं कठीण.

उकडताना ते जवळजवळ होत नाही, कारण पाणी १०० अंशांवर अडतं. तळताना होतं, भाजतानाही होतं. भट्टीत पदार्थ जास्त वेळ राहतो, आणि चुऱ्यापासून केलेल्या भाजलेल्या चिप्समध्ये काही वेळा तळलेल्यांपेक्षा जास्त ॲक्रिलामाइड सापडलेलं आहे. म्हणजे तेलापासून पळून भट्टीत गेलो तरी यातून सुटका नाही.

घाबरायचं किती? कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९४ पासून ते 'माणसात कर्करोग होण्याची दाट शक्यता' असलेल्या २ए गटात ठेवलंय, पण तो निष्कर्ष मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवर उभा आहे. माणसांच्या आहाराच्या अभ्यासांतून एकसारखं चित्र दिसत नाही. युरोपीय संघाने २०१७ मध्ये नियम केला आणि तो एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्यात बटाट्याच्या चिप्ससाठी किलोमागे ७५० मायक्रोग्रॅम आणि क्रॅकरसाठी ४०० ही संदर्भपातळी आहे. ती ओलांडली की उत्पादकाने आपली पद्धत तपासून सुधारायची.

कमी करायचे मार्ग आहेत. बटाटे ६ अंशांपेक्षा थंड जागी ठेवले की त्यांतल्या स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर ते काळपट पडतात, म्हणून चिप्सचा बटाटा फार थंडीत ठेवत नाहीत. काप गरम पाण्यातून काढले की वरची साखर निघून जाते. पिठाच्या खाऊत ॲस्परॅजिनेज हे विकर (एन्झाइम) मिसळून ॲस्परॅजिनच आधी मोडता येतं. आपल्या हातात एकच सोपी गोष्ट आहे: पाकिटातले करपट तपकिरी तुकडे बाजूला काढायचे. आमच्या घरी नेमके त्यांच्यावरच भांडण होतं, ते सोडा.

व्हॅक्यूम फ्राइड आणि फ्रीझ ड्राइड यांत फरक काय?

नावं सारखी वाटतात, पण एकात तेल आहे आणि दुसऱ्यात नाही.

व्हॅक्यूम तळणीत बंद भांड्यातली हवा काढून दाब कमी करतात. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे १०० ते १२० अंशांच्या तेलातही काप कुरकुरीत होतो. रंग टिकतो, जीवनसत्त्वं तुलनेने बरी टिकतात आणि ॲक्रिलामाइड बरंच कमी होतं. पण तेल ते तेलच. बाहेर काढल्यावर वेगाने फिरवून ते काढून टाकलं नाही, तर प्रमाण साध्या चिप्सच्या जवळ जाऊ शकतं. त्या रंगीबेरंगी फळांच्या पाकिटांवर 'चरबी' ही ओळ जरूर शोधा.

फ्रीझ ड्राइंगमध्ये फळ आधी गोठवतात. मग निर्वातात बर्फाची थेट वाफ होते, मधे पाणी होतच नाही. आकार जसाच्या तसा, क जीवनसत्त्वही बरंचसं शिल्लक, तेल शून्य. फक्त फळातली साखर आटून एका जागी आलेली असते. एक अख्खी स्ट्रॉबेरी खाताना जो वेळ लागतो तेवढ्यात सुकवलेल्या दहा संपतात.

भाज्यांच्या चिप्स म्हणजे भाजी खाल्ल्यासारखंच ना?

बीट, गाजर, रताळं यांचे खरे काप तळलेले असतील तर तेल बटाट्याच्या चिप्सइतकंच असतं, आणि या कंदांत साखर जास्त असल्याने ते लवकर करपतात. हिरव्या-लाल काड्या असतील तर घटक वाचा: बहुतेक वेळा बटाट्याचा स्टार्च पहिला आणि पालकाची पूड तळाशी, रंगापुरती.

कुठलं तेल वापरलंय याने फरक पडतो का?

पडतो. पाम तेलातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे हृदयाला न मानवणारी असते, सूर्यफुलाच्या तेलात साधारण एक दशांश. कारखान्यांना पाम तेल आवडतं कारण ते उष्णता सोसतं आणि लवकर खवट होत नाही. 'वनस्पती तेल' एवढंच लिहिलं असेल तर संपृक्त चरबीचा आकडा बघून अंदाज येतो. हृदयाला त्याहूनही वाईट अशा ट्रान्स फॅटचा मोठा स्रोत म्हणजे अंशतः हायड्रोजनीकृत तेल. ते जगभरच्या अन्नातून २०२३ पर्यंत हद्दपार करायचं आवाहन जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केलं होतं. यादीत ते शब्द दिसले तर पाकीट जागेवर ठेवा.

पाकिटातली 'हवा' बहुधा नायट्रोजन असते. तेल खवट होऊ नये आणि चिप्स मोडू नयेत म्हणून. ती फसवणूक नाही.

आणि मीठ?

शिजवण्याच्या पद्धतीशी त्याचा थेट संबंध नाही. ते शेवटी वरून पडतं. सोडियमचा आकडा अडीचने गुणा की मीठ मिळतं: १०० ग्रॅममध्ये ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अंगी न लागणारं तेल तयार करता येत नाही का?

केलं होतं. ओलेस्ट्रा नावाचं. रेणू इतका मोठा की आतड्यांना तो पचवताच येत नाही, त्यामुळे कॅलरी शून्य. अमेरिकेत १९९६ मध्ये त्याला खारट कुरकुरीत खाऊसाठी परवानगी मिळाली. पण न पचलेलं तेल कुठेतरी जाणारच; पोटात कळा आणि पातळ शौचाचा इशारा पाकिटावर छापावा लागला, आणि ते तेल जाताना अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही बरोबर घेऊन जाई, म्हणून ती वरून घालावी लागली. इशाऱ्याची सक्ती २००३ मध्ये उठली, पण तोवर लोकांचा उत्साह ओसरला होता.

एकदा सुरू केलं की थांबता का येत नाही?

थोडं कानांमुळे. ऑक्सफर्ड विद्यापीठात मॅसिमिलियानो झॅम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना हेडफोन लावून चिप्स चावायला दिल्या आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज कमी-जास्त करून ऐकवला. आवाज मोठा केला की तीच चिप लोकांना अधिक ताजी, अधिक कुरकुरीत वाटली. २००४ च्या या शोधनिबंधाला पुढे २००८ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं.

बाकीचं वेगामुळे. आहारावर संशोधन करणारे केविन हॉल यांच्या २०१९ च्या अमेरिकेतल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ, फायबर दोन्हीकडे जुळवलेलं, खायची मुभा हवी तेवढी. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि खाण्याचा वेगही जास्त होता.

दुकानात उभ्या उभ्या काय बघायचं?

'प्रति १०० ग्रॅम'चा रकाना. 'प्रति सर्व्हिंग'चा नाही, कारण सर्व्हिंग प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते. तुलनेला ब्रिटनच्या लाल-पिवळ्या-हिरव्या खुणांचे आकडे मला सोपे वाटतात: १०० ग्रॅममागे चरबी १७.५ ग्रॅमच्या वर, संपृक्त चरबी ५ च्या वर, मीठ १.५ च्या वर असेल तर तिथे लाल खूण. त्यानंतर घटकांतली पहिली तीन नावं, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पुढच्या बाजूचा 'बेक्ड' हा शब्द मी आता सगळ्यात शेवटी वाचते.

तुम्ही स्वतः काय खाता?

बहुतेक वेळा घरी फोडलेलं पॉपकॉर्न. आणि महिन्यातून एक-दोनदा साध्या तळलेल्या चिप्स, ज्यांच्या मागे बटाटा, तेल, मीठ एवढीच तीन नावं असतात. त्या वाटीत काढते, पाकिटाला चिमटा लावते, ते वरच्या फळीवर ठेवते आणि मगच खायला बसते. करपलेला एखादा तुकडा निघालाच तर तो मात्र गुपचूप खाते.